जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी

मित्रांनो, आणि हो, मैत्रिणींनोसुद्धा, मला हातात घ्यायच्या आधी एकदा माझा वास घ्या. आला? भाजलेल्या जवसासारखा, जरासा कडवट, मागून थोडा रंगाच्या दुकानासारखा. हा वास लक्षात ठेवा. आमच्या घरात तो एकदा नको त्या वेळी आला होता.

मी एक जुनी चिंधी आहे. हसलात ना? हसा, हसा! निबंधात किल्ला बोलतो, वडाचं झाड बोलतं, चिंधीला मात्र कुणी तोंड उघडू देत नाही. पण माझ्याकडे सांगण्यासारखं आहे, आणि ते मी न सांगता विरून गेले तर तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरात तीच दुपार पुन्हा येईल. म्हणून ऐका.

मी जन्मले तेव्हा चिंधी नव्हते. इचलकरंजीच्या यंत्रमागावर विणलेल्या एका सुती साडीचा मी भाग होते. रंग जांभळा, काठ पिवळा. घोडेगावच्या बाजारातून विजयमालानं ती साडी आणली. विजयमालाचं घर शनिशिंगणापूरच्या रस्त्याला आहे. घराला चौकट आहे पण दार नाही, जुन्या रीतीप्रमाणे. कुत्री आत शिरू नयेत म्हणून चौकटीत एक आडवी फळी लावतात, बस्स. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर विजयमालाचा छोटा स्टॉल आहे. तेलाच्या बाटल्या, रुईच्या पानांच्या माळा, काळे उडीद. ती साडी नेसून ती वर्षानुवर्षं तिथे बसली. आम्ही ऊन खाल्लं, धूळ खाल्ली, तेलाचे डाग खाल्ले. धुऊन धुऊन इतक्या मऊ झालो की गालाला लावलं तर झोप यावी.

मग एके दिवशी विजयमाला म्हणाली, "आता ही फाडायची. बाळाला असलंच कापड लागतंय."

तिची थोरली लेक ज्योती देवळाली प्रवराहून बाळंतपणाला माहेरी आली होती. चर्र, चर्र असा आवाज झाला आणि एका साडीच्या आम्ही पुष्कळ बहिणी झालो. सगळ्यात मोठ्या बहिणीची झोळी झाली आणि ती आढ्याला टांगली. काही बहिणी गोधडीसाठी गाठोड्यात गेल्या. आणि आम्ही काही जणी गेलो धाकट्या लेकीच्या, संस्कृतीच्या हातात. नववीतली संस्कृती म्हणजे पायाला चाकं लावलेली पोरगी! तिला तैलचित्र काढायचं होतं. तैलचित्राला ब्रश जितका लागतो ना, तितकीच चिंधी लागते. हे मला तरी कुठे ठाऊक होतं!

संस्कृतीचं पहिलं तैलचित्र म्हणजे शेजारच्या बनुबाईंचा कोंबडा. वैजनाथ सर, म्हणजे तिच्या शाळेतले चित्रकलेचे सर, म्हणाले होते की रंग घट्ट वाटला तर थोडं तेल मिसळ. आता घरात बाटल्यांची रास असताना तेल विकत कोण आणतं? संस्कृतीनं आईच्या स्टॉलवरची एक बाटली उचलली आणि ओतलं. कोंबडा झकास झाला, चकचकीत. फक्त वाळेना. आठवडा गेला, पंधरवडा गेला. त्याच्यावर धूळ बसली, चिलटं चिकटली, आणि एकदा तर शेवग्याची फुलं.

बनुबाई बघायला आल्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "संस्कृते, माझ्या कोंबड्याला गोवर आलाय का गं?"

संस्कृती रडायच्या बेतात होती, पण हसू आलं. ते चित्र तसंच बगलेत मारून ती शाळेत, सरांच्या वर्गात गेली. पिशवीत मीही होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

सरांनी बोट लावून बघितलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाले, "अगं, हे तेल जन्मात वाळायचं नाही. देवाला चालतं, चित्राला नाही. चित्राला जवसाचं तेल लागतं. आपण चटणी करतो तेच जवस."

मग त्यांनी सांगितलं ते मी कायमचं मनात मुरवून घेतलं. पाणी वाळतं म्हणजे उडून जातं. जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवा पितं आणि हळूहळू घट्ट होतं, सायीसारखं. म्हणून त्यातला रंग कॅनव्हासवर कायमचा धरून बसतो. पण हवा पिताना ते तापतं. अगदी थोडंसं.

"थोडंसंच ना, सर?" संस्कृतीनं विचारलं.

"पसरलेल्या फडक्यावर थोडंसं. ती ऊब वारा घेऊन जातो. पण तेलाची फडकी चुरगळून एकावर एक दाबून ठेवलीस तर ऊब जाणार कुठं? आतच साठते. साठत साठत पेट घेते."

वर्गातला एक मुलगा मागून ओरडला, "सर, मग काडेपेटी कशाला विकत घ्यायची?" सगळा वर्ग खिदळला.

सर हसले नाहीत. "मी पेटताना बघितलंय. काडी कुणी लावली नव्हती," एवढंच म्हणाले.

मित्रांनो, मी सुती. मला त्या वाक्यानं आतून शहारा आला.

पण संस्कृती लगेच कामाला लागली! आता तिला आईचं चित्र काढायचं होतं. आई स्टॉलवर बसलेली, अंगावर तीच जांभळी साडी. साडी तर फाडून झाली होती, म्हणून तिनं मला कॅनव्हासशेजारी खिळ्यावर टांगलं. रंग बघायला मी आणि पुसायलाही मी. म्हणून बाकीच्या बहिणींपेक्षा माझा मान जरा जास्त!

तुम्हालाही तैलचित्र काढायचं असेल तर ती काय काय शिकली ते ऐका. मी पहिल्या रांगेत होते.

रंगाची थाळी म्हणून तिनं उरलेली एक गुळगुळीत फरशी घेतली. तपकिरी रंगात टर्पेंटाइन घालून तो चहासारखा पातळ केला आणि सगळ्या कॅनव्हासला फासला. पांढरंशुभ्र कापड मातकट झालं. मला वाटलं, आता ब्रश घेईल. छे! तिनं मला बोटाभोवती गुंडाळलं आणि पुसायला लागली. कपाळ पुसलं. नाकाचा शेंडा पुसला. गालाचा उंचवटा पुसला. आणि मित्रांनो, त्या चिखलातून विजयमालाचा चेहरा वर आला! सर म्हणाले होते, "पहिल्या हाताला उजेड लावायचा नसतो, पुसून काढायचा असतो." तो उजेड मी काढला. चिंधीनं! त्या दिवशी मी जन्माला आले असं मला वाटतं.

मग थांबायचं. हे संस्कृतीला सगळ्यात जड गेलं. पहिला थर पातळ, टर्पेंटाइनचा. तो वाळला की वरचा थर जरा जाड, तेलाचा. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळून आवळतो आणि चैत्रात काळ्या रानाला पडतात तशा चित्राला भेगा पडतात. सावली आणि उजेड ओळखायचा तर डोळे बारीक करून बघायचं. आई स्टॉलवर बसली की ही समोर उभी राहून डोळे बारीक करायची. विजयमाला म्हणायची, "अगं, गिऱ्हाईक पळून जाईल! नजर लावती का मला?"

सावलीसाठी काळा रंग तिनं घेतलाच नाही. सर म्हणाले होते की नुसत्या काळ्यानं चित्राला भोक पडल्यासारखं दिसतं. निळा आणि तपकिरी मिसळला की खोल, जिवंत काळोख तयार होतो. संस्कृती देवाच्या चौथऱ्यापाशी जाऊन उभी राहिली आणि तेलानं न्हालेल्या शिळेकडे बघत राहिली. खरंच! त्या काळ्यात आभाळ निळं दिसत होतं.

रोज काम झालं की ब्रश आधी चिंधीला पुसायचा, मग टर्पेंटाइनमध्ये, मग साबणानं. आधी आम्ही, कायम आधी आम्ही. त्यामुळे माझ्या बहिणींच्या अंगात जवसाचं तेल मुरत गेलं. संस्कृती त्यांना अंगणातल्या तारेवर ओळीनं पसरायची. जांभळ्या, तपकिरी, निळ्या. पताकाच जणू!

पण तारेला दुसरीही मालकीण होती. बाळी! बारसं होऊन नाव ठेवलं होतं, पण कुणाच्या तोंडात बसलं नव्हतं, सगळे बाळीच म्हणायचे. बाळीचे लंगोट, बाळीची दुपटी, बाळीची टोपडी. तार पुरेना.

"ह्या तेलकट चिंध्या काढ बरं तिथनं," विजयमाला म्हणाली. "लेकराच्या कपड्याला डाग लागत्यात."

"आई, त्या पसरूनच ठेवायच्या. सर म्हणाले, गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेटतात."

ज्योती खाटेवर बसून बाळीला पाजत होती. ती खळखळून हसली. "आपोआप? मग चुलीत चार घाल की, गॅस वाचंल!"

विजयमालाही हसली. "अगं संस्कृते, माझा जलम गेला तेलात. स्टॉलखाली तेलाच्या चिंध्यांचा बोळा कायम पडल्याला असतोय. कंदी पेटला का? शिंगणापुरात ऱ्हाऊन तेलाला भ्यायचं व्हय?"

मित्रांनो, तिचं खोटं नव्हतं, आणि धोका नेमका तिथेच होता. स्टॉलवरचं तेल वाळत नाही, म्हणून तापत नाही. कोंबड्याच्या चित्रानं ते दाखवूनही दिलं होतं. पण कोंबड्याचा आणि बोळ्याचा संबंध कुणी लावला नाही. जिचे हात सगळं आयुष्य तेलात गेले, तिला तेल आपल्या ओळखीचं वाटत होतं. आणि हे तेल अनोळखी होतं.

मग ती दुपार आली. शनिवार, वर अमावस्या. रस्त्यावर गाड्याच गाड्या, स्टॉलवर झुंबड. घरातलं दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून विजयमालानं संस्कृतीलाही मदतीला हाक मारली. संस्कृती पुढे पळाली आणि निघता निघता विजयमालानं घर आवरलं. मला दिसत होतं, मी खिळ्यावरच होते. तिनं तारेवरून माझ्या सगळ्या बहिणी ओढून काढल्या, लंगोट वाळत घातले आणि बहिणींचा बोळा करून गोधडीच्या गाठोड्यात कोंबला. "मऊ कापड हाय, टाकायचं कशाला? सोड्यात उकळून घेईन," असं पुटपुटली. गाठ घट्ट मारली. गाठोडं पायात येऊ नये म्हणून सरकवलं. कुठे?

बाळीच्या झोळीखाली.

चौकटीत फळी लावून ती गेली.

वर पत्रे तापले होते. मे महिन्याचं ऊन. वारा पडला होता. खाटेवर ज्योती गाढ झोपली होती, रात्रभर बाळीनं जागवलं होतं. कोपऱ्यात धुरीची शेगडी होती. सकाळीच ओवा आणि लसणाची सालं टाकून बाळंतिणीला धुरी दिली होती, त्यामुळे घराला धुराचा वास सवयीचा झाला होता. झोळी हळूहळू झुलत होती. तिच्यातून एक इवलीशी मूठ बाहेर आली होती.

आणि मला कळलं. आम्ही एका साडीच्या, मित्रांनो. मला माझ्या अंगातली जराशी ऊब जाणवत होती, पण मी पसरलेली होते, ती ऊब हवेत जात होती. खाली गाठोड्यात ती जात नव्हती. बहिणी एकमेकींना तापवत होत्या. मला ओरडायचं होतं. "संस्कृती! ज्योती! गाठ सोडा!" पण चिंधीला तोंड नसतं. चिंधी फक्त टांगलेली असते.

आधी वास आला. भाजलेल्या जवसाचा.

तो चौकटीतून बाहेर गेला. दार नव्हतं ना! रस्ता ओलांडून बनुबाईंच्या ओट्यावर पोचला. थोड्या वेळानं फळीच्या पलीकडे त्यांचा आवाज आला.

"विजे, अगं, जवस भाजती आन् शेजारणीला वाटीभर बी चटणी न्हाई व्हय?"

ज्योतीनं नुसती कूस बदलली.

बनुबाई आत येईनात. चारच दिवसांपूर्वी विजयमाला त्यांना म्हणाली होती, "बनुबाई, बाळंतिणीच्या खोलीत येळी-अवेळी येत जाऊ नगा." तेव्हापासून त्या फुगून होत्या. "बरं बाई, नगा देऊ. आमी काय उपाशी न्हाई," म्हणाल्या आणि त्यांची चप्पल फटफट करत लांब गेली.

लांब. अजून लांब.

गाठोड्याच्या गाठीतून एक धागा निघाला. सुताचा नाही, धुराचा. तो सरळ वर चढला आणि झोळीच्या बुडाला लागून पसरला. माझी सगळ्यात मोठी बहीण, बाळीला पोटाशी धरून बसलेली. वास आता बदलत होता. जवस भाजून झाले होते. जवस करपत होते.

चप्पल परत आली.

"अगं ये ज्योते! करपतंय की सगळं! कढई उतरव!" मग त्या थांबल्या. त्यांनी पुन्हा वास घेतला असणार. चुलीचा आवाज नाही, उलथन्याचा आवाज नाही, भाजणारं माणूसच नाही. मग भाजतंय काय?

फळीवरून पाय टाकून बनुबाई आत आल्या. राग, मान, अपमान सगळं फळीच्या पलीकडे राहिलं. धूर दिसला मात्र, त्यांनी आधी झोळीत हात घातला, बाळीला उचलून ज्योतीच्या अंगावर जवळजवळ फेकलंच. "ऊठ! भायेर पळ! लेकरू घे!" गाठोड्याला हात लावला आणि किंचाळल्या. तळहात भाजला. मग मागे वळून चौकटीतली फळी उपसली आणि फळीनं ढकलत, रेटत, शिव्या देत ते गाठोडं अंगणात लोटलं.

अंगणात त्याची गाठ सुटली. आतल्या धगीला मोकळी हवा मिळाली आणि भक्कन जाळ झाला. पुरुषभर उंच.

आत, झोळी अजून झुलत होती. रिकामी.

माणसं धावली. स्टॉलवरून विजयमाला आणि संस्कृती धापा टाकत आल्या. तोवर माझ्या बहिणींची राख झाली होती.

"कुनी काडी लावली?" विजयमाला ओरडली. "कुनी केलं हे?"

बनुबाई ओट्यावर हात पाण्याच्या बादलीत बुडवून बसल्या होत्या. "कोन लावतंय? तुझं गाठोडं सोताच पेटलं. मला वाटलं, चटणी चाललीय तुझी."

विजयमालानं अंगणातल्या राखेकडे बघितलं. मग घरात, झोळीकडे. झोळीच्या बुडाला ताटलीएवढा काळा डाग पडला होता. तिनं त्या डागाला हात लावला आणि तिथेच खाली बसली.

ज्योतीनं बाळीला छातीशी धरलं होतं. संस्कृती आत आली, मला खिळ्यावरून काढलं, नळाखाली भिजवलं, पिळलं नाही, तसंच अंगणात नेलं. तारेवर जागा नव्हती. ती मला हातावर पसरून उभी राहिली.

तेव्हा विजयमाला उठली. अर्धी तार तिनं मोकळी केली, एकेक लंगोट काढून खांद्यावर टाकला. "ही बाजू तुझी," म्हणाली. "लेकराचे कपडे मी दुसरीकडं वाळवीन."

मग ती बनुबाईंच्या ओट्यावर गेली आणि त्यांच्या भाजलेल्या हाताला स्वतः मलम लावलं. "येत जा," म्हणाली. "येळी-अवेळी येत जा."

बनुबाई म्हणाल्या, "आन् चटणी?"

चित्र पुढे पूर्ण झालं. विजयमाला स्टॉलवर बसलेली, मागे धुळीचं पिवळं ऊन, अंगावर जांभळी साडी. अखंड, एकही चीर नसलेली. झोळी सोडली तर माझ्या बहिणी आता तेवढ्याच उरल्यात, रंगाच्या पातळ थरावर जाड थर होऊन. मी त्यांच्याकडे खिळ्यावरून बघते. मला आता कडा राहिल्या नाहीत, सुतं सुटत चाललीत. मी काही फार टिकणार नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्ही जरूर तैलचित्रं काढा! पातळावर जाड काढा, उजेड पुसून काढा, काळा रंग टाळा. पण काम झालं की आम्हाला चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. आम्हाला मोकळ्या हवेत एकेकटं पसरा, वाळून कडक झालो तरच टाका. नाहीतर पाण्यानं भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. आम्ही दिसायला मऊ असतो. पण आम्ही काय प्यायलो आहोत ते तुम्ही लक्षात ठेवलं पाहिजे, कारण आम्हाला सांगता येत नाही.

आमच्या आळीत आता एक नवी रीत पडली आहे. जवस भाजायला घेतले की बाई आधी चौकटीत येऊन मोठ्यानं हाक देते, "जवस भाजतीय गं!" मग पलीकडून बनुबाई ओरडतात, "भाज भाज, वाटी धुऊन ठिवलीय!" आणि सगळे निर्धास्त होतात.

कधी वारा असा येतो की वास आधी पोचतो आणि हाक मागे राहते. तेव्हा आळीतली सगळी माणसं हातातलं काम थांबवून उभी राहतात. ज्योती माहेरी आलेली असली तर बाळीला उचलून घेते. तारेवर असले तर मीही फडफडायची थांबते. हाक येते, आणि पुन्हा सगळं सुरू होतं.

तुम्हीही ऐकत जा. वास आला आणि हाक नाही आली, तर आधी धावा.